सवलत बाईंना होती

आमच्या मामाला खोटं बोलता येत नाही, हे सगळे कौतुकाने सांगतात. मी तक्रार म्हणून सांगते. विमानतळावरच्या कस्टममध्ये त्याने एकतीस वर्षं लोकांच्या बॅगा उघडल्या, पण कुणाची अत्तराची बाटलीसुद्धा त्याच्या खिशात गेली नाही. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, म्हणून ऑफिसात त्याला ‘कलमकाका’ म्हणत. मामी म्हणायची, याला आंघोळीला पाठवायचं तर लेखी आदेश काढावा लागतो.

एका वर्षी आंतरराष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या एक सदस्यबाई आमच्याकडच्या तुरुंगांची पाहणी करायला आल्या. अशा सदस्यांना करारानेच संरक्षण असतं. कामासाठी जे बोलतील, लिहितील त्याबद्दल त्यांच्यावर खटला नाही, अटक नाही, सामानाची झडती नाही. नव्याने लागलेल्यांना हे मामाच शिकवायचा. बाई परत निघाल्या त्या दुपारी त्याने त्यांना अदबीने पुढे सोडलं. मागून त्यांची दुभाषी आली. ती इथलीच. खांद्याला कागदांनी फुगलेली कापडी पिशवी.

“पिशवी बाईंची आहे,” ती म्हणाली.

“असेल. पण सवलत बाईंना आहे, तुम्हाला नाही,” असं म्हणून मामाने पिशवी टेबलावर घेतली.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. दबाव असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. आतलं त्याने वाचलंही नाही. फक्त पद्धतीप्रमाणे यादी केली: कोणता कागद, किती पानं, वर कुणाचं नाव. खाली कार्बन घालून तीन प्रती. एक प्रवाशाला, एक फायलीला, एक सुरक्षा विभागाला.

अर्ध्या तासात बाई तणतणत परत आल्या. मामाच्या साहेबांनी माफी मागितली, पिशवी जशीच्या तशी हातात दिली. आयोगाचे कागद कुणाच्याही हातात असोत, उघडायचे नाहीत, असं करारात सरळ लिहिलेलं होतं. मामाने ते कलम शंभरदा वाचलं होतं, आणि नेमकं त्या दुपारी त्याला माणूस दिसला, कागद दिसला नाही. सुरक्षा विभागाची प्रत तोवर निघून गेली होती. फोन उचलून ती परत मागवता आली असती. मागवली नाही, कारण गेलेली प्रत परत मागवायचा नियम नव्हता. हे त्याने मला स्वतःच सांगितलं, खाली मान घालून.

यादीत नऊ नावं होती. पाचवं तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नर्सचं, चार पानांचा जबाब. कैद्यांच्या पाठीवरचे वळ तिने बाईंना एकेक करून सांगितले होते. तीन आठवड्यांनी पोलिसांनी तिला घरातून उचललं. पेपरात फोटो आला तेव्हा मामाने नाव वाचलं आणि ताटावरून उठला. बाकीच्या आठांचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

सदस्यबाईंना सरकारने लेखी दिलगिरी पाठवली. नर्सला कोण पाठवणार? मी मामाला तोंडावर म्हटलं, “ते कागद बंद ठेवायचे असतात ते बाईंसाठी नव्हे, अशा बोलणाऱ्या माणसांसाठी. पाठांतर करून काय मिळवलंस?” बोलल्यावर मला फार वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतले नाहीत. तो नंतर नोकरीवर जायचा, यायचा, आणि जेवताना कुणाकडे बघायचा नाही.

अकरा महिन्यांनी नर्स सुटली. नोकरी गेलेली. ती बहिणीकडे राहते, असं कळलं.

“मला तिला सांगायचंय,” मामा म्हणाला. “तू बरोबर ये. एकट्याची छाती नाही.”

“सांगून तिचं काय भलं होणार?”

“तिला माहीत तरी होईल.”

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बहिणीने दार उघडलं, शिलाई मशिनवरचं कापड बाजूला सारून आम्हाला बसायला जागा केली आणि चहा ठेवायला आत गेली. नर्स खिडकीशी बसली होती. फोटोतल्यापेक्षा निम्मी झालेली.

मामाने पाणीसुद्धा घेतलं नाही. “ताई, पोलिसांना तुमचं नाव माझ्याकडून गेलं,” म्हणाला. मग तारीख, पिशवी, तीन प्रती, पाचवी ओळ, सगळं सांगितलं. स्वतःला सोईचं एक अक्षर घातलं नाही.

“तुमच्याकडून?” ती म्हणाली.

“माझ्याच अक्षरात.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय, पण तिचे खांदे सैल पडले होते. “मी समजत होते, बहिणीने सांगितलं,” ती म्हणाली. “मी बाईंना भेटले हे हिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. तुरुंगात ही भेटीला आली की मी भेट नको म्हणून कळवायचे. सुटल्यावरसुद्धा दुसरं घर नव्हतं म्हणून इथे आले. हिच्या हातचं खात होते आणि मनात तेच.”

मामाच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. आपल्या येण्याने कुणाचं तरी भलं झालं, असं वाटलं असेल त्याला. मलाही वाटलं.

बहीण ट्रे घेऊन दारात उभी होती.

“मला वाटायचं तुरुंगवालेच आत सोडत नाहीत,” ती म्हणाली. “दर रविवारी दोन बस बदलून यायचे मी. फाटकावरच्या शिपायाला नाही नाही ते बोलायचे.”

बहिणीने चार कप नीट खाली ठेवले, एकही सांडला नाही.

मामा घाईने उठला. “चूक माझी आहे. यांचा काही दोष नाही.”

“तुमची आहेच,” बहीण म्हणाली. “पण नको म्हणून कळवलं ते हिने.”