पायवरबाई आणि झाकण

डोळ्यांच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर पडद्याचा वॉर्ड आहे. खिडकीचा नव्हे, डोळ्याच्या आतला पडदा. त्याचं ऑपरेशन झालं की दोन-तीन आठवडे मान वर करायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. म्हणून तिथले पेशंट दिवसभर खाटेच्या कडेवर बसलेले, समोरच्या छोट्या टेबलावर कपाळ टेकवलेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा बहुतेकांचा आधीच गेलेला किंवा जायच्या वाटेवर. बारा खाटा, बारा झुकलेली डोकी आणि खाली लोंबणारे चोवीस पाय. नवख्याला वाटावं, सगळ्यांनी मिळून काहीतरी मोठा गुन्हा केलाय आणि आता पस्तावलेत.

या चोवीस पायांवर राज्य होतं पायवरबाईचं.

खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक. दारात पाऊल टाकलं की ती खणखणीत आवाजात पुकारायची, "पाय वर! झाडू येतोय!" की बारा डोकी जागच्या जागी, आणि चोवीस पाय वर. मग झाडू पुढे आणि तोंड त्याच्याही पुढे. "खाट तीन, डावीकडे बादली आहे, उतरू नका. खाट चार, तुमची चप्पल मी भिंतीला लावलीय. काका, पाय वर म्हणजे दोन्ही, एक नाही." घरीसुद्धा जीभ थांबायची नाही. नवरा तिच्या धाकानं पाटावर बसल्यासारखा खुर्चीवर मांडी घालूनच जेवायचा. म्हणायचा, "लग्न झाल्यापासून माझे पाय जमिनीला लागले नाहीत, आणि लोकांना वाटतं मी सुखात आहे."

पण त्या आरोळीमागे काय आहे, हे ती कुणाला सांगायची नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी, नवी होती म्हणून ती गुपचूप झाडत होती. आवाज नको, कुणाला त्रास नको. एक म्हातारा पाणी प्यायला उतरला, पाय झाडूवर पडला, कपाळ खाटेच्या लोखंडावर आपटलं. डोळा गेला. तिला कुणी बोल लावला नाही. म्हाताऱ्यानंसुद्धा नाही. तेच तिला जास्त लागलं. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, गप्प राहून झाडायचं नाही.

आणि एका सोमवारी मॅनेजर झाकण घेऊन आले.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. शर्ट कडक, बोलणं मऊ, आणि शांततेचं भारी वेड. जिन्यात, लिफ्टमध्ये, बाथरूमच्या दारावरही त्यांनी "शांतता राखा" लावलेलं. त्यांनी खोक्यातून एक काळं, गोल, चकचकीत यंत्र काढलं आणि फरशीवर ठेवलं. पंगतीच्या पातेल्यावरचं झाकण जणू पळून आलंय. बटण दाबताच ते घुर्र करत निघालं आणि बाईच्या आवाजात काहीतरी बोललं. चहात साखर दोनदा पडावी तसा गोड आवाज.

"मावशी, तुमचा घसा वाचला आता," मॅनेजर म्हणाले. "हे स्वतः झाडतं आणि स्वतःच सूचना देतं."

"काय सूचना देतं?"

"हेच, बाजूला व्हा वगैरे."

"कुठल्या भाषेत?"

"कंपनीच्या."

"कंपनीचे किती पेशंट आहेत आपल्याकडे?"

मॅनेजरांनी हसण्यावारी नेलं. रोज दहाला झाकण फिरणार, त्यानंतर तिनं फक्त फिनेलचा पोछा मारायचा, आणि वॉर्डातली ती आरोळी आजपासून बंद. तसा कागद त्यांनी सिस्टरच्या टेबलावर ठेवला. सिस्टरनं वाचला, पायवरबाईकडे पाहिलं आणि कागदावर चहाचा कप ठेवला.

पहिले दोन दिवस पेशंट बावरले. गोड आवाज कुठून येतो कळेना, काय म्हणतो कळेना. पाय वर घ्यायचे की खाली सोडायचे? पंधराव्या वर्षापासून बस चालवून निवृत्त झालेले, म्हणजे असं ते स्वतः सांगायचे, ड्रायव्हरकाका खाट दोनवर होते. ते म्हणाले, "हॉर्न तरी वाजवा रे! ही कोण बाई पायाशी येऊन लाडात बोलते? घरी कळलं तर माझा दुसरा डोळाही जाईल."

तिसऱ्या दिवशी हसू थांबलं.

झाकण खाट आठखाली सलाईनच्या स्टँडच्या पायांत अडकलं. तिथूनच एकसारखं बोलायला लागलं. तोच गोड, हळू, विनवल्यासारखा आवाज, पुन्हा पुन्हा, जमिनीच्या पातळीवरून. खाट सातवर स्वेटरवाल्या आजी होत्या. जन्मभर विणकामाच्या मशिनीवर बसून डोळे झिजलेले. त्यांनी कान दिला. खाली कुणीतरी बाई पडलीय, परक्या मुलखाची दिसते, मदत मागतेय आणि कुणाला कळत नाही, असंच त्यांना वाटलं. दिसत नसलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

"थांब गं बाई, आले मी," म्हणत आजी खाटेवरून घसरल्या आणि हातानं चाचपत खाली वाकल्या. "हात दे तुझा."

तेवढ्यात झाकण सुटलं आणि सरळ त्यांच्या गुडघ्यावर येऊन धडकलं. आजी कलंडल्या. पायवरबाई दारात पोछा पिळत होती. तिनं तो टाकला, धावली, आणि आजींचं डोकं खाटेच्या लोखंडी पायावर आपटणार तोच मधे आपला तळहात घातला. हाडावर लोखंड वाजलं. आजींची पट्टी जागेवर राहिली.

"अगं, ती पडलेली कुठाय?" आजी विचारत होत्या. "तिला लागलं का?"

पायवरबाईनं आजींना उचलून खाटेवर बसवलं.

तळहाताला पट्टी बांधून ती मॅनेजरांच्या खोलीत गेली.

"हात कसा आहे, मावशी?"

"हाताचं सोडा. त्याची भाषा बदला."

मॅनेजरांनी मोबाईल काढला. त्यात झाकणाचं ॲप होतं. सेटिंग, मग आवाज, मग भाषा. बोटानं यादी सरकवत त्यांनी तिला दाखवली. "बघा, अठ्ठावीस भाषा आहेत. आपली नाही. मी तरी काय करणार?"

तिला वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. "तुमचं बोट थांबलं, पण यादी थांबली नाही. खाली अजून आहे."

"खाली काही नसतं हो."

"जे असतं ते खालीच असतं, साहेब. एकोणीस वर्षं तेच काढतेय मी."

मॅनेजरांचा मऊ आवाज जरा कडक झाला. "हे बघा, यंत्राला हात लावायचा नाही. लावलात तर उद्यापासून तळघरात, धुलाईत. आणि वॉर्डात ओरडणंही नको. शेवटचं सांगतोय."

ती घरी आली ती भांडी आदळतच. सून भाकऱ्या थापत होती. ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आणि सासूसुनेचं गेले तीन महिने फारसं बोलणं नव्हतं. कारण कुठल्याशा पडद्याचा रंग. पण सासूचा सुजलेला हात बघून सून उठली.

"कुणी केलं, आई?"

"झाकणानं," सासू म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

सून सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "यादीच्या अगदी तळाला काय होतं, ते कुणी पाहिलंच नाही म्हणा. उद्या भेटीच्या वेळेला येते."

दुसऱ्या दिवशी चारला सून डबा घेऊन वॉर्डात हजर. झाकण सुरू करायला वॉर्डाच्या मोबाईलवरही तेच ॲप होतं. सिस्टर उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मी औषधांच्या खोलीत जातेय. मोबाईल टेबलावर राहिलाय. मला अर्धा तास काही दिसत नाही. या वॉर्डात ते काही नवीन नाही."

सुनेनं यादी तळापर्यंत ओढली. अठ्ठावीस भाषांच्या खाली, अगदी शेवटी, एक ओळ होती: स्वतःचा आवाज. दाबल्यावर सदतीस चित्रं आली. एकेका चित्रासाठी एकेक वाक्य बोलायचं.

"बोला, आई. हे निघतानाचं."

पायवरबाईनं घसा खाकरला. मोबाईलसमोर ती अवघडली, फोटो काढताना माणूस अवघडतो तशी. "कृपया आपले पाय..."

"कृपया कधी म्हणालीस गं तू?" ड्रायव्हरकाका टेबलावरून मान न उचलता ओरडले. "आमचीच बाई दे आम्हाला!"

वॉर्ड खदखदला. मग तिचं तोंड सुटलं. "पाय वर! झाडू येतोय!" बॅटरी संपली की, "दमले. घटकाभर टेकते." कचरा भरला की, "पोट फुटायला आलंय, रिकामं करा." अडकण्याच्या चित्रापाशी मात्र ती थांबली, खाट सातकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली. "मी झाडायचं मशीन आहे. अडकलेय. मला काही लागलेलं नाही. कुणी खाली उतरू नका. सिस्टरला हाक मारा."

शेवटचं चित्र, एका ठिपक्याभोवती लाटा लाटा, दोघींनाही कळलं नाही. तिथं तिनं म्हटलं, "याचं काय ते सिस्टरला विचारा."

दुसऱ्या दिवशी दहाला झाकण निघालं आणि गरजलं. चोवीस पाय एकदम वर! आजींनी तर टाळी वाजवली. पायवरबाई मागून पोछा मारत होती. आपलाच आवाज आपल्या पुढे चाललेला बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी मॅनेजर दोन पाहुण्यांना यंत्र दाखवायला घेऊन आले. झाकण वळून थेट त्यांच्या बुटांपाशी आलं. "पाय वर! पाय वर म्हटलं ना!" आणि कडक शर्टाचा माणूस सवय नसताना एका पायावर उभा राहिला. पाहुण्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"कुणी केलं हे?" पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं.

सिस्टरनं तोंड उघडलं, पण पायवरबाई आधी पुढे आली. "मी. आणि तुम्ही पाय वर घेतलात. म्हणजे कळतं की नाही, ते बघा."

संध्याकाळच्या आत ती तळघरात होती. मॅनेजरांनी स्वतः बसून तिचा आवाज ॲपमधून पुसला आणि गोड बाई परत आणली.

धुलाईत वाफ, साबणाचा वास आणि ढमढम फिरणारी मशिनं. ती चादरींच्या घड्या घालत होती. जीव मात्र वर, खाट सातपाशी. दुसऱ्या दिवशी लिफ्टमन मळक्या चादरींचं बोचकं घेऊन आला, तो हसतच.

"बाई, वर संप झालाय."

"कुणाचा?"

"पायांचा! ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, ब्रेकवर ठेवतात तसे पाय फरशीवर ठेवा आणि हलवू नका. बाराच्या बारा जणांनी ठेवलेत. झाकण या पायाला धडकतं, वळतं, त्या पायाला धडकतं. ती गोड बाई बोलून बोलून थकली. शेवटी बाथरूमच्या दाराशी जाऊन बसलं. सिस्टर म्हणतात, ते हलवायचा त्यांना काही हुकूम नाही."

"आणि आजी?"

"त्या तर दोन्ही पायांत चपला घालून बसल्यात. म्हणतात, आमच्या बाईनं सांगितल्याशिवाय उचलणार नाही."

पायवरबाईनं चादर तोंडाला लावली. लिफ्टमनला वाटलं, वाफेनं असेल.

संप तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, खाटांखालची धूळ पाहिली, आजींच्या पडण्याची हकीकत ऐकली, आणि मॅनेजरांना तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं, "आधीचा आवाज कुणाला नको होता?"

मॅनेजर तळघरात उतरले. कडक शर्ट वाफेनं मऊ पडला होता. त्यांनी मोबाईल पुढे धरला. "मावशी, ते पुसलं गेलंय. जरा इथंच बोलून देता का परत?"

"इथं?" तिनं मशिनांकडे हात केला. "इथं माझंच मला ऐकू येत नाही."

"बरं, वर चला. बोला आणि मग या खाली."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आवाज माझा आहे, साहेब. मी जिथं, तो तिथं. माझा आवाज वर झाडणार आणि मी खाली घड्या घालणार, हे जमायचं नाही. तो बदलीचा कागद आधी फाडा. आणि झाकण माझ्या हाताखाली राहील. मी त्याच्या नाही."

मशिनं ढमढमत राहिली. मॅनेजरांनी खिशातून कागद काढला. घडी घातलेलाच होता. म्हणजे बरोबर घेऊन आले होते. त्यांनी तो फाडला. तुकडे कुठं टाकावेत कळेना.

"द्या इकडे," ती म्हणाली. "खाली टाकू नका."

वॉर्डात ती खाट सातच्या शेजारी उभी राहिली आणि मॅनेजर स्टुलावर बसून एकेक चित्र दाखवत गेले. छत्तीस वाक्यं झाली. शेवटचं चित्र आलं. ठिपका आणि लाटा.

"हे कशाचं हो? मागच्या खेपेला कळलंच नाही."

"यंत्र कुठं गेलं ते सापडेना, तर हे बटण दाबायचं," मॅनेजर म्हणाले. "मग ते आवाज देतं. आहे तिथून."

पायवरबाईनं जरा विचार केला. बांधलेला हात कमरेवर ठेवला आणि बोलली.

मॅनेजरांनी तपासायला म्हणून बटण दाबलं. बाथरूमच्या दाराशी, तीन दिवस रुसून बसलेल्या झाकणातून तिचा आवाज आला, भिंती हादरतील असा.

"इथंच आहे मी! जाणार कुठं?"

"हे जरा... वेगळं काही म्हणता का?" मॅनेजर पुटपुटले.

"तेच राहील," पायवरबाई म्हणाली आणि कोपऱ्यातला आपला झाडू उचलला. तीन दिवसांची धूळ होती, झाकणावर सोडण्यासारखी नव्हती. दारात जाऊन तिनं पदर खोचला.

"पाय वर!"

चोवीस पाय वर गेले. मागून मॅनेजरांचे दोन.