कातडं शाळेचं, ब्लॅडर लाइनीचा

माझे यजमान पलटणीतून गुडघ्याला मार लागून परत आले आणि उंब्रजजवळच्या एका गावात हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून लागले. ड्रिलसाठी नेमलं होतं तर ड्रिलच शिकवायचं. पण पलटणीत ते फुटबॉल खेळले होते आणि ते वेड त्यांनी शाळेत आणलं. मुलं शेतकऱ्यांची, उसाच्या फडात पाय दगड झालेले. बूट कुणाकडंच नव्हते. बूट घालून आलेल्या सांगलीच्या एका शाळेला त्यांनी अनवाणी हरवलं आणि गावानं मास्तरांना डोक्यावर घेतलं. मंडईत भाजीवाली मला ताजी मेथी राखून ठेवू लागली. मला स्वतःला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. चेंडूला एरंडेल चोळणं आणि शिवण उसवली की चांभाराकडं पोचवणं एवढं माझ्याकडं होतं.

मग लढाईमुळं रबर मिळेनासं झालं. चेंडूच्या आतला ब्लॅडर एकदा फाटला की नवा पुण्यातसुद्धा मिळत नव्हता. शाळेचा फाटला. पोलीस लाइनीतल्या चेंडूचा ब्लॅडर धड होता, पण कातडं सडलेलं. तिथले जमादार यजमानांच्याच पलटणीतले. दोघांनी मिळून तोडगा काढला: कातडं शाळेचं, ब्लॅडर लाइनीचा, चेंडू दोघांचा. सोमवारपासून शाळेकडं, शुक्रवारी संध्याकाळी लाइनीत. मुलांच्या हाती दिला तर रस्त्याभर लाथाडत नेतील, म्हणून यजमान स्वतः नेत. काखेत चेंडू मारून भर बाजारातून जायचे, जमादारांकडं चहा घ्यायचे आणि दिवे लागायच्या आत परत यायचे. सोमवारी शाळेत जाताना चेंडू घेऊन यायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बेचाळीस साल आलं आणि सगळंच पालटलं. तारा तोडल्या गेल्या, पोलीस वाढले, किती तरी तरुण घरं सोडून रानात गेले. आमच्या संघाचा जुना गोलकीपर त्यांतच होता. या रानातल्या माणसांना गावं जेवण पोचवत आणि पोलिसांना चुकीच्या वाटा दाखवत. जो खबर देई त्याला ते शोधून काढत आणि त्याच्या तळव्यांवर काठ्या घालत. असा एक माणूस मी बाजारात पाहिला होता. भिंत धरून चालत होता आणि भिंत संपली तिथं उभा राहिला होता.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी पहाटे मळ्यातल्या एका वस्तीवरून पोलिसांनी दोघांना उचललं. पुढं काही आठवड्यांनी आणखी एकाला धरलं, तेही शनिवारीच. खबर कुणी दिली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. पण शनिवारच्या आदल्या संध्याकाळी लाइनीत कोण जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तोंडावर कुणीच काही बोललं नाही. मेथी मात्र आधीच संपलेली असायची. मी नदीवर धुणं घेऊन गेले की शेजारचे दगड मोकळे व्हायचे. चांभारानं चेंडू न शिवता परत केला, सुई मोडली म्हणाला. त्याच वेळी दुसऱ्याची वहाण शिवत होता. उजव्या बाजूनं खेळणाऱ्या मुलाचा बाप, स्वतः लष्करातून आलेला, दारात आला आणि खाली बघत बोलला, "आवं मास्तर, औंदा पोराला बांधणीला ठेवतो. ऊस लय हाय."

"ऊस काय सकाळच्या पारी पाचला बांधतोस व्हय रं?" यजमान म्हणाले. "सरावाला तर येऊ दे."

तो वळून निघून गेला. त्या आठवड्यात आणखी तीन मुलं यायची थांबली. यजमान म्हणाले, ह्या पोरांत दम राहिला न्हाई. तोफेच्या आवाजाशेजारी झोपलेला माणूस, त्याला घरासमोरची शांतता ऐकू येत नव्हती.

एका गुरुवारी दुपारी डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला दाढीवाला माणूस दारात उभा राहिला. आवाजावरून ओळखलं, तो आमचा गोलकीपर.

"काकी, वैरण घेता का?"

"आमच्याकडं जनावर नाही, तुला ठाऊक आहे."

"हाय की एक. चेंडू काखंत धरून दर शुक्रवारी लाइनीत जातंय." मग तो हसायचा थांबला. "आमच्यात बोलणं चाललंय. मी सांगितलं, मानूस सरळ हाय. पन धरलेल्यांत एकाचा भाऊ आमच्यात हाय, त्यो ऐकत न्हाई. उद्या मास्तरास्नी लाइनीत जाऊ देऊ नका."

"तूच सांग त्यांना."

"मला बघितलं तर आधी इचारतील, सराव का बुडवलास."

भारा तसाच उचलून तो गेला. संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं.

"मी खबऱ्या न्हाई. मग भ्यायचं कशाला?"

"अहो, ते तुम्हाला ठाऊक. त्यांना कुठं ठाऊक आहे? जमादारांना म्हणावं, चेंडूला माणूस पाठवा."

"म्हंजे पोलीस आपल्या दारात येनार. ते बरं दिसंल व्हय?"

चेंडू देऊन टाका म्हटलं, तर मुलं कशानं खेळतील. नेऊ नका म्हटलं, तर शब्द दिलाय. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवारी दुपारी ते शाळेत असताना मी चेंडूची लेस सोडली, ब्लॅडर बाहेर ओढला आणि विळीवर धरला. चेंडू नाही तर नेणं नाही, असा माझा साधा हिशेब. ते घरी आल्यावर मी लपवलं नाही. फाटका ब्लॅडर समोर ठेवला आणि म्हटलं, "मी कापला."

त्यांनी चिरेत बोट घालून पाहिलं. मग खुंटीवरचा पटका घेतला आणि बांधू लागले.

"आता कुठं?"

"लाइनीत. वस्तू त्यांची हाय. नासली तर सांगाय नको?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. आजवर ते चेंडू घेऊन जात, त्यामुळं जाण्याचं कारण तरी लोकांना दिसत होतं. आज ते मोकळ्या हातांनी जाणार होते. अडवून ते थांबणारे नव्हते. मी वहाणा घातल्या, एका हातात रिकामं कातडं घेतलं, दुसऱ्यात ब्लॅडर, आणि त्यांच्याबरोबर निघाले. मागं नाही, शेजारून. आमच्यात तशी रीत नव्हती. बाजारात दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. मी दोन्ही हात पुढं धरून चालले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

जमादारांनी चीर पाहिली, मला पाहिलं आणि काय ते ओळखलं. "आता आमी काय खेळायचं, वैनी? फुगड्या?" एवढंच म्हणाले. चहा विचारला नाही.

परतताना ओढ्याच्या पुलावर तिघं बसले होते. आमचा गोलकीपर त्यांत नव्हता. एकाच्या मांडीवर काठी होती. दुसऱ्यानं माझ्या हातातून ब्लॅडर घेतला.

"विळीनं कापलाय ह्यो."

"मीच कापला," मी म्हटलं. "यांनी लाइनीत जाऊ नये म्हणून."

"मग ग्येलं कशाला?"

"सांगायला," यजमान म्हणाले. "ब्लॅडर त्यांचा व्हता."

तो एकदम हसला. काठीवाला हसला नाही. तो यजमानांच्या पायांकडं बघत होता, बाजारात बैलाचे बघतात तसा. खाली पाणी वाहत होतं. मी मोकळा झालेला हात कातड्याच्या आत घातला.

अखेर काठीवाला उठला. "पुढल्या शुक्रवारी ह्या गावात दिसू नका. बाईमानसाकडं बघून सोडतोय."

यजमानांना मी काही बोलू दिलं नाही. दंड धरून घरी आणलं. आठवड्याच्या आत राजीनामा दिला, भांडी पोत्यात बांधली. निरोपाला शाळेतून कुणी आलं नाही.

मोटार शाळेच्या मैदानावरून गेली. काही मुलं चिंध्यांचा चेंडू करून खेळत होती. यजमान खिडकीतून बघत राहिले. "गोली लय पुढं उभा ऱ्हातोय," म्हणाले. त्यांचे दोन्ही पाय ट्रंकेवर टेकलेले होते. मी साऱ्या वाटेत त्या पायांकडंच बघत होते.

सांगलीला ओळखीनं एका शाळेत जागा मिळाली. हेडमास्तरांनी विचारलं, मुलांना काय शिकवाल? यजमान म्हणाले, ड्रिल आणि लेझीम. मैदान मोठं होतं, गोलाचे खांबही होते. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, न्हाई.