रक्त न देणारा ड्रायव्हर

बाप गेला तेव्हा तो पोरगा शाळेत होता. आई दुसऱ्याच्या शेतावर लावणीला, कापणीला जायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची बौद्धवाडी. तिचा भाऊ शेजारीच राहायचा, त्याने या घराला आधार दिला. मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता. त्यानेच भाच्याला जीप शिकवली. भाच्याला लायसन्स मिळाले, त्या दिवशी आईने ते आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवले, मग त्याच्या हातात दिले. पुढे तो महाडहून गडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीपर्यंत रायगडाचे पर्यटक नेऊ-आणू लागला आणि आईची मजुरी सुटली.

मला याचे मोल कुणी समजावून सांगायला नको. महाडच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी घरी आलो, तेव्हा माझ्या आईनेही तो कागद असाच देवापुढे ठेवला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

त्या मुलाचे ते लायसन्स पुढे पोलीस अधिकारी म्हणून मीच जप्त केले. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र वेगळे राहिले.

दिवस उन्हाळ्याचे होते. भाताची दाढ, म्हणजे रोपे करायची जमीन, भाजायला बायका रानातून पाल्याचे भारे आणत होत्या. दुपारी ग्रामीण रुग्णालयातून पोलीस ठाण्याला फोन आला, की कापडे गावाच्या रस्त्यावर जीपने एका बाईला उडवले आहे. मी हवालदाराला घेऊन पोहोचलो. बाईचा पाय मोडला होता, जीव वाचला होता. जीप दारात उभी. आत दारूचा भपकारा, पायापाशी फुटलेली बाटली. बाईला घेऊन आलेला हा तरुण स्टिअरिंगवरूनच उतरला होता, असे वॉर्डबॉयने सांगितले.

श्वासाचे यंत्र पुढे केले, तर त्याने तोंड फिरवले. डॉक्टरांनी रक्त घ्यायची तयारी केली, तर हात मागे घेतला.

"सुईला घाबरतोस?" मी विचारले.

"नाय साहेब."

"मग?"

"द्यायचं नाय."

"अरे, नकार दिलास तर तो नकारच कोर्टात तुझ्या विरोधात जाईल. लायसन्स जाईल."

"जाऊ दे साहेब."

हवालदाराला राहवले नाही. "बघा साहेब, सासुरवाडीला जेवायला चल म्हटलं तरी माणूस एवढ्या पटकन हो म्हणत नाय!"

तो हसला नाही. डॉक्टरांनी नकाराची नोंद केली. मी लायसन्स ताब्यात घेतले, गुन्हा दाखल केला आणि निलंबनाचा प्रस्ताव पेणच्या परिवहन कार्यालयाकडे पाठवायला सांगितले. गुन्हा जामीनपात्र होता, त्यामुळे संध्याकाळी तो घरी गेला.

पण एक गोष्ट मला टोचत होती. प्यालेला माणूस पोलिसाला पाहिले की पहिले वाक्य बोलतो, 'साहेब, मी घेतलेली नाही.' पाय लटपटत असले तरी तो तेच बोलतो. हा ते बोललाच नाही. जबाब पुन्हा वाचला. "दारू प्यालास का?" याला उत्तर नाही. "गाडी कोण चालवत होते?" याला उत्तर होते, "गाडी माझ्याच ताब्यात असते." म्हणजे हा खोटेही बोलत नव्हता आणि खरेही सांगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जखमी बाईची थोरली जाऊ जबाब द्यायला ठाण्यात आली. अपघाताच्या वेळी ती भारा घेऊन मागूनच येत होती. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

"तुमी धरलाय तो नव्हता चालवायला," ती म्हणाली. "चालवीत होता तो पिकल्या केसांचा. हा पोरगा दुसऱ्या दारानं उतरला नि धावत आला. यानंच जावेला उचलली, गाडीत घातली."

"आणि तो पिकल्या केसांचा?"

"तो शेतातनं चालू लागला. पाय कुठं पडत व्हते त्याचे! आमचा मेलेला सासरा बरा चालायचा."

मी मुलाच्या वाडीवर गेलो. आई दारातच उभी होती. ओट्यावर एक पांढऱ्या केसांचा माणूस रस्त्याकडे पाठ करून बसला होता. तो मामा.

"साहेब, माझा लेक नि दारू?" आई म्हणाली. "चवदार तळ्यावर मार्चात आमची सगळी वाडी गेली व्हती. गड्यांनी तिथं शपथ घेतली, दारूला शिवायचं नाय. पयला हात माझ्या भावानं वर केलान, दुसरा यानं. बुद्धइहारात रोज म्हणतो आमी, खोटं बोलणार नाय, नशा करणार नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. दारू लपवायला रक्त नाकारणारे मी खूप पाहिले होते. याने रक्त नाकारले ते त्यात दारू नाही म्हणून. तपासणीत तो कोरा निघाला असता, तर गाडीत प्यालेला कोण, हा प्रश्न आलाच असता. नकार दिला की खोटे बोलावे लागत नव्हते आणि मामाही वाचत होता.

मी मुलाला बोलावले. "तुझ्या आईसमोर एवढंच सांग, मी प्यालो होतो. मी निघून जातो."

तो खाली बघत राहिला. आई म्हणाली, "बोल की रे."

ओट्यावरचा माणूस उठला.

"पुरे कर रे बाबा," मामा म्हणाला. "साहेब, आम्ही एका लग्नाला गेलो होतो, तिथं मी घेतली. त्यानं चावी मागितली, मी म्हटलं, तुला शिकवली कुणी? गाडी मी चालवत होतो."

आई भावाकडे वळली. भाऊ तिच्याकडे बघू शकला नाही.

रक्ताची वेळ टळून गेली होती, त्यामुळे मामाचे पिणे तपासणीने सिद्ध होणार नव्हते. निष्काळजीपणे गाडी चालवणे आणि जखमीला सोडून जाणे, याबद्दल पुढे तो कोर्टात स्वतः गुन्हा कबूल करून शिक्षा भोगून आला. बसवरची नोकरी गेली. पण त्याआधीच, पाऊस लागण्यापूर्वी, त्या बाईच्या शेतात पाल्याचे भारे टाकून दाढ भाजणारा माणूस तोच होता. तिच्या घरच्यांनी आधी त्याला बांधावरून हाकलले, मग हाकलणे सोडून दिले.

मी पेणला सुधारित अहवाल पाठवला. तरी नकार हा नकारच होता आणि निलंबन काही महिने राहिले. मुलाने तक्रार केली नाही. त्या काळात आई पुन्हा मजुरीला गेली, हे त्याला फार लागले.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले, की माणूस काय बोलला याइतकेच, तो काय बोलायचे टाळतो हेही जबाबात वाचायला हवे. आणि त्या मुलाला मी जे सांगितले ते इथेही लिहितो. नाही म्हणायची जागा दवाखाना नव्हती. मामाने चावी दिली नाही तेव्हा गाडीसमोर उभे राहून नाही म्हणायचे होते. ज्याने शिकवले त्याला अडवणे अवघड असते, मला माहीत आहे. तरी अडवायचे असते.

निलंबन संपले तेव्हा तो आईला घेऊन लायसन्स परत घ्यायला पेणला गेला. येताना ठाण्यात पेढे देऊन गेला. आज हिरकणीवाडीच्या रस्त्यावर त्याची स्वतःची जीप आहे, मामा तिच्यात शेजारच्या सीटवर बसतो, आणि आई मजुरीला जात नाही.