घमघमसाहेब

आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढणारे एक गृहस्थ होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं वापरात यायचं. एरवी सगळे त्यांना घमघमसाहेब म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना ते कौतुक वाटायचं. ते कौतुक नव्हतं हे अकरा वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नाही, यावरून काय ते समजा.

मी दुकानाच्या मागच्या भागात काचा घासायला बसायचो. मधे लाकडी भिंत होती. तरीही साहेबांनी सकाळी दारात पाऊल टाकलं की मान वर न करता मला कळायचं. आधी वास यायचा, मग बुटांचा आवाज, आणि साहेब सगळ्यांत शेवटी. मान, दोन्ही मनगटं, कॉलर, रुमाल आणि कानांच्या मागे, अशा ठरलेल्या जागी ते फवारे मारायचे. हे त्यांनीच मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. जेवणानंतर पुन्हा एक फेरी व्हायची. त्यासाठी ड्रॉवरमध्ये वेगळी बाटली होती.

"माणसाच्या आधी त्याचा सुगंध पोचला पाहिजे," असं म्हणायचे. पोचायचा. आणि माणूस निघून गेल्यावर दोन तास जागचा हलायचा नाही.

बरं, हा माणूस एखाद्या गोदामावर पहारा करत असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साहेबांचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लागेल इतकं वाकून त्याच्या डोळ्यांत बघायचं. तेही न्हाणीघराएवढ्या खोलीत. खिडकी नाही, भिंती काळ्या, उजेड येऊ नये म्हणून दार बंद. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट, समोर अक्षरांचा तक्ता आणि मधे साहेब. वीस मिनिटं.

एकदा चहा पिताना त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली होती. वडील रॉकेल विकायचे. घरात, कपड्यांत, दप्तरात सगळीकडे तोच वास. वर्गातली मुलं शेजारी बसू देत नसत. पहिला पगार हातात पडला तेव्हा साहेबांनी आधी सेंटची बाटली घेतली, मग चपला. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वासापायी बाकावरून उठवला गेलेला माणूस दुसऱ्याला वासाने उठवताना जरा तरी विचार करेल असं कुणालाही वाटेल. साहेबांनी त्यातून एवढाच धडा घेतला की आपला वास आवडीचा असला की झालं.

मग फ्रेमच्या काउंटरवर ताई आल्या. कामाला चोख. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तिसऱ्या फ्रेमला सौदा पक्का करायच्या. त्यांना लहानपणापासून दमा होता. पहिल्या आठवड्यातच त्यांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. मी भिंतीमागे होतो, सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, राग मानू नका. तुमच्या सेंटने माझी छाती भरून येते. दुकानात असताना नाही लावलात तर फार बरं होईल."

"ताई, हा तसला फुटपाथवरचा सेंट नाही. भारीतला आहे. याने त्रास होतच नाही."

"भारी आणि स्वस्त हे माझ्या छातीला कळत नाही हो."

"सवय नाहीये तुम्हाला. होईल हळूहळू."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी त्याचा विनोद केला. गिऱ्हाइकांसमोर दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "लांबूनच बोलतो बाबा, ताईंना माझी ॲलर्जी आहे." लोक हसायचे. मीही हसलोय. नाकाने कांदे सोलायचा मला काही अधिकार नाही.

ताई मालकांकडे गेल्या. मालक म्हणाले, "आपापसात मिटवून घ्या." मिटलं ते असं की ताईंनी आपलं स्टूल उचलून दाराशी नेलं. रस्त्यावरची धूळ, हॉर्न आणि थंडीत गारठा, असं सगळं अंगावर घेत त्या चार वर्षं तिथे बसल्या. ड्रॉवरमध्ये स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी त्यांचा दम्याचा पंप असायचा.

याच काळात काही चष्मे परत येऊ लागले. "धड दिसत नाही, डोकं दुखतं," अशी तक्रार. साहेब सरळ माझ्याकडे बोट दाखवायचे. "काचा नीट घासत नाही हो हा." मी प्रत्येक काच पुन्हा मोजायचो. कागदावर जो नंबर होता, तोच काचेत होता.

एक निवृत्त शिक्षिका तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा मी बाहेर येऊन त्यांनाच विचारलं, "बाई, आत नेमकं काय होतं?"

"अहो, आत गेलं की पाच मिनिटांत डोळ्यांना धारा लागतात आणि कपाळ ठणकायला लागतं. ते विचारतात, हे बरं की ते बरं? मला दोन्ही सारखंच अंधुक दिसतं. एकदाचं बाहेर पडावं म्हणून मी 'हे बरं' म्हणते."

"कशाने होतं असं?"

त्यांनी खोलीच्या दाराकडे नुसतं पाहिलं. "वासाने. मला नाही सोसत. पण कुणाच्या अंगाच्या वासाबद्दल कसं बोलायचं?"

पुढच्याच आठवड्यात साहेब रजेवर होते. बदली आलेल्या मॅडमनी बाईंचे डोळे पुन्हा तपासले. नंबर वेगळा निघाला आणि तो चष्मा परत आला नाही. मी दोन्ही कागद मालकांपुढे ठेवले, वर सगळं सांगितलं. तेव्हा कुठे मालकांना कंठ फुटला. ताईंच्या छातीसाठी जे तोंड चार वर्षं उघडलं नाही, ते गिऱ्हाईक जाईल म्हटल्यावर दोन मिनिटांत उघडलं.

"उद्यापासून दुकानात सेंट बंद," त्यांनी साहेबांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते दरवळतच. "आज काही लावलेलं नाही," दोन्ही हात वर करून म्हणाले. "हे केसांचं टॉनिक. टॉनिक म्हणजे सेंट नव्हे." दुपारी चौकट आणायला ताई त्या खोलीत गेल्या आणि दोन मिनिटांत भिंतीला धरून बाहेर आल्या. ओठ निळसर पडले होते. पंप दोनदा ओढूनही उपयोग झाला नाही. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवस त्या घरी होत्या. साहेबांनी मान डोलावत निदान केलं, "हवा बदलली की दमा उफाळतोच."

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी काच घासत होतो आणि कानाशी कुणीतरी खाकरलं. पाहतो तर साहेब. ते आले कधी हे मला कळलंच नव्हतं. अंगाला साध्या साबणाचासुद्धा वास नव्हता.

"नातीला दमा निघाला," ते म्हणाले. चेहरा उतरला होता. "चार वर्षांची पोर. डॉक्टर म्हणाले, घरात वासाचं काही नको. त्याच दिवशी सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. कपडे पुन्हा धुतले, टॉनिकही गेलं. पोरीचा जीव असा कासावीस होताना बघवत नाही हो."

त्याच दिवशी! म्हणजे जमत होतं. केव्हाही जमलं असतं.

दाराशी बसलेल्या ताईंनी ऐकलं होतं. त्या उठून आल्या. "आता बरी आहे का ती? पंप दिल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं." साहेबांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं.

मला राहवलं नाही. "साहेब, ताई तुम्हाला चार वर्षं हेच सांगत होत्या."

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मीच काहीतरी बावळटासारखं बोललो. "अहो, पण ती माझी नात आहे," ते म्हणाले.

ताईंनी दुपारी स्टूल आत आणलं.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की आयुष्यभराचा एकच शौक, तोही नातीसाठी सोडला. मालक 'त्याग' हा शब्द दोनदा बोलले. टाळ्या झाल्या. ताईंनीसुद्धा वाजवल्या.

"तुम्ही कशाला वाजवल्यात?" मी नंतर विचारलं.

"मला श्वास घेता येतोय ना," त्या म्हणाल्या. "टाळ्यांनी माझं काय जातंय?"

माझे हात मात्र मांडीवरच राहिले. तपासणीच्या खोलीत आता त्या बदलीच्या मॅडम कायमच्या बसतात, आणि चष्मा परत आलाच, तर चूक बहुतेक माझी असते.