मामांच्या टेपचा पट्टा ढिला होता

मंडळी, आपला आवडता बँड अकरा वर्षांनी परततोय आणि तो बाजारापुढे झुकणार नाही, असं मी या कट्ट्यावर महिनाभर गर्जत होतो. आज सकाळी पुण्याच्या मित्राने पाठवलेली नव्या अल्बमची सीडी आली. पहिलंच गाणं लावलं. गायकाचा आवाज जड, संथ वाटला. थकला की काय आपला माणूस?

तडक वारंगा फाट्यावर दत्तामामांच्या कॅसेटच्या दुकानात गेलो. कॉलेजात असताना या बँडचा पहिला अल्बम मला कॅसेटवर भरून दिला तो त्यांनीच.

"मामा, आवाज गेला हो त्याचा!"

मामांनी सीडी ऐकली आणि हसायलाच लागले. "सर, आवाज कुटं गेला न्हाई. तवा माझ्या टेपचा पट्टा ढिला होता. भरताना कॅसेट हळू फिरायची, मंग तुमच्या घरी गाणं पळायचं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुमी नाचून राहिले होते की!"

त्यांनी कपाटातून मूळ कॅसेट काढून नव्या टेपवर लावली. तोच जड, भरदार आवाज! इतक्या वर्षांत तसूभर ढळलेला नाही. केवढं हायसं वाटलं!

'ऐकीव बोलू नका, मूळ वाचा' असं प्रत्येक भाषणात बजावणारा मी, निकाल द्यायला निघालो होतो ढिल्या पट्ट्याच्या भरवशावर.

नव्या अल्बमला नावं ठेवणाऱ्यांनो, तुमची जुनी कॅसेट कोणी भरून दिली होती?