लव्हालच्या भिंतीवरचा खोटा भाला

अन्याय झाला तो गोंदा रामा यांच्यावर. कधी? गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, कॅनडाच्या फ्रेंचभाषक भागात, लव्हालच्या एका वाचनालयात, एका प्रदर्शनाची फीत कापून आणि टाळ्या वाजवून. गोंदा रामा जाऊन सत्तर वर्षं झाली, त्यामुळे तक्रार करायला ते आले नाहीत. त्यांचे नातू भीमराव वाघमारे मात्र त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतच उभे होते. घरी गेल्यावर त्यांनी मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला, फोन केला.

"पोरी, तू पत्रकं काढतेस ना? मग ये. मला फ्रेंच येतं, भांडण येत नाही."

प्रदर्शन सोमवारी दुसऱ्या गावच्या शाळेत हलणार होतं. शुक्रवारी सुट्टी टाकून मी विमानात बसले. पाच तासांनी मॉन्ट्रियलला मी उतरले, माझी बॅग उतरली नाही. सगळी पत्रकं त्या बॅगेत. काऊंटरवरच्या बाईने "देझोले" (माफ करा) म्हणून एक फॉर्म पुढे केला. पुढच्या दोन दिवसांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की आता त्याचा राग येतो.

भीमरावकाका न्यायला आले होते. "विंटर टायर लावलेत, घाबरू नको," म्हणाले आणि सगळा पूल बैलगाडीच्या वेगाने पार केला. खाली नदीवर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढल्या होत्या. ब्रॉसार्डला त्यांच्या दारात पुन्हा गुडघाभर बर्फ साचलेला. आधी फावड्याने शोव्हल केलं, मग आत गेलो. सुनंदाकाकूंनी ज्वारीची भाकरी आणि सुकटाची चटणी केली होती. बाहेर उणे अठरा, खिडकी उघडायची सोय नाही. काकू म्हणाल्या, "वासाने शेजारची फ्रेंच बाई चारदा दार वाजवून गेलीय. पाचव्यांदा आली की तिलाच जेवायला बसवते."

जेवण झाल्यावर काकांनी फोनवर एक फोटो दाखवला. एका जुन्या पोस्टकार्डाचा; मूळ कार्ड त्यांनी मराठी मंडळामार्फत प्रदर्शनाला दिलं होतं. सन १९१४, युद्ध नुकतंच पेटलेलं, फ्रान्समधलं मार्सेय बंदर. हिंदुस्थानी पलटणी उतरल्या आहेत आणि एक फ्रेंच बाई एका काळ्यासावळ्या माणसाच्या कोटाला फूल टोचते आहे. माणूस ताठ उभा. हातात लांब दांड्याचा झाडू. कार्डाच्या मागे कुणा कारकुनाने पेन्सिलने लिहून दिलेलं: गोंदा रामा, झाडूवाला.

"छावणीचे संडास साफ करायचा माझा आजा," काका म्हणाले. "हे कार्ड त्याने मरेपर्यंत पेटीत जपलं. गावात त्याची सावली चालत नव्हती. तिथे एका बाईने हात लावून फूल टोचलं."

दुसऱ्या दिवशी आगगाडी, मग मेट्रो, असं करत लव्हालला पोचलो. प्रदर्शनाचा विषय युद्ध सुरू झालं त्या वर्षातलं फ्रेंच सार्वजनिक जीवन. खरं सांगते, बाकीचं प्रदर्शन चांगलं होतं. भरतीचे जाहीरनामे, स्टेशनावर फुलं वाटणाऱ्या बाया, पुरुष गेल्यावर शेतात राबणाऱ्या बाया. एका फलकापाशी मी थांबले. 'युनियाँ साक्रे' (पवित्र एकजूट). युद्ध लागताच सगळ्या पक्षांनी भांडणं गुंडाळून ठेवली. संप बंद, प्रश्न बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. एकजूट म्हणजे कुणीतरी गप्प बसायचं, हे मला फ्रेंच शिकण्याआधीपासून ठाऊक होतं.

पुढच्याच भिंतीवर गोंदा रामा. माणसाएवढे मोठे केलेले, पण कंबरेपासून वर. झाडूचा बुडखा कापलेला, खांद्याशी फक्त दांडा शिल्लक. खाली फ्रेंचमध्ये: 'मराठा भालाईत, मार्सेय, १९१४.' नाव नाही.

मजकूर आपल्याच लोकांच्या मंडळाने दिला होता. मंडळाच्या मेधाताई तिथेच पाहुण्यांना माहिती देत होत्या.

"ताई, हा भाला नाही, झाडू आहे."

"अगं, माहितीये मला. फोटो मीच क्रॉप केला," त्या हसत म्हणाल्या. "पण बाहेरच्यांसमोर झाडू कशाला? आपल्या मुलांना स्कूलमध्ये काय वाटेल?"

"कुणाच्या मुलांना?"

"हे बघ, इथे आपण सगळे मराठी. तिकडचं ते सगळं इथे आणायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"कधी ठरलं?" काकांनी विचारलं. "मी कुठल्या मीटिंगला नव्हतो?"

"भीमराव, तुम्ही तरी समजून घ्या. सैनिक केलंय त्यांना. प्रमोशनच आहे की!"

काकांचा आवाज चढला नाही. "प्रमोशन मागितलं नव्हतं त्यांनी. माझा आजा नसता, तर तुमचे भालेवाले हगवणीनेच मेले असते. जर्मनांना गोळी झाडावी लागली नसती."

मेधाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाला मराठी कळत नव्हतं, याचा त्यांना केवढा आधार वाटला.

वाचनालयाच्या सिल्व्हीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, मंडळाने लेखी कळवलं तर फलक बदलू, नाहीतर देझोले. मेधाताई म्हणाल्या, पुढच्या मीटिंगमध्ये विषय ठेवते. पुढची मीटिंग पुढच्या महिन्यात.

"मग माझं कार्ड द्या," काका म्हणाले.

सिल्व्हीबाईंनी कपाटातून मंडळाने ठेवायला दिलेलं पाकीट काढलं. फलकासाठी त्यांच्याकडे मंडळाने कापलेलाच फोटो गेला होता. अख्खं कार्ड त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या. "आ. अं बाले" (अरे, झाडू), एवढंच पुटपुटल्या. मग भिंतीकडे पाहिलं. फलक तसाच राहिला.

काका कार्ड हातात धरून त्या भिंतीशी उभे राहिले. येईल त्याला सांगत होते, "से मों ग्राँ-पेर. इल नेत्वाये" (हे माझे आजोबा. ते सफाई करायचे). पाच वाजेपर्यंत अकरा माणसं थांबली. मेधाताई त्याआधीच निघून गेल्या होत्या.

सोमवारी मी परतले. माझी बॅग माझ्याआधी बर्नाबीला पोचली होती, पत्रकं जशीच्या तशी. खोटा भाला त्याच दिवशी पुढच्या शाळेत गेला. परदेशातल्या वर्णद्वेषावर मी वर्षभर पत्रकं वाटते आहे. या वेळी कात्री आपल्या घरातली होती, आणि ती हसतमुखाने चालवली गेली.

हे वाचणारे तुम्ही कुठल्या ना कुठल्या मंडळाचे सभासद आहात. पुढच्या बैठकीत एकजुटीवर भाषण सुरू झालं की हा कागद घेऊन उभे राहा आणि मोठ्याने वाचा: गोंदा रामा, झाडूवाला, मार्सेय, १९१४. कुणी खाली बसा म्हणालं, तर पुन्हा वाचा.