फोनवरचा उखाणा

बाबा गेल्यावर आईची बाहेरची सगळी कामं माझ्याकडे आली. गॅसवाला, वीजवाला, टाकी धुणारे, सगळ्यांशी मीच बोलायची. राग माझ्या नाकावर असतो आणि आवाज त्याच्याही वर, त्यामुळे कामं होत. आई शेजारी बसून ऐकायची. तिच्यासाठी बोलता बोलता मी तिच्याऐवजी बोलू लागले, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

रायपूरच्या आमच्या घरची लँडलाइन बाबांच्या नावावर होती. ती आईच्या नावावर झाली नाही, तर महिनाअखेर बंद होणार होती. आईला मोबाइल जमत नाही आणि अमरावतीच्या मावशीला दुसरा नंबर पाठ नाही. दोघी बहिणी रोज सकाळी अकराला बोलतात. दोघींनाही धड ऐकू येत नाही, तरी बोलतात. तो फोन गेला असता तर आईच्या दिवसात काही उरलं नसतं.

कागद मी देऊन आले. मग पडताळणीसाठी कंपनीतून फोन आला. मी स्पीकर लावला.

"माताजी, कनेक्शन किसके नाम पर है? उनका नाम बताइए."

आईने फोन माझ्याकडे सरकवला. शेवटी मीच नाव सांगितलं.

"मॅडम, आप बीच में मत बोलिए. माताजी को खुद बताना पड़ेगा," म्हणत तिकडच्या बाईने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. उद्याचा फोन शेवटचा, असं तिने बजावलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एक नाव घ्यायले काय होते तुले? काहून अशी करून राहिली?"

"असं नुसतं नाव? मी कधी घेतलं काय त्यांचं? मले नाही जमत."

खरंच होतं. बाबांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. एरवी 'अहो', नाहीतर 'पोरीचे बाबा'. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चार बायकांत. आणि बाबा गेल्यापासून तिला उखाणा घे म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. आईने डोक्यावरून पदर घेतला, ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोल बाजारातून आणली पितळेची परात," मग बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, "यांचं नाव घेते नव्या घरात."

लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा उंबरठ्यावर घेतलेला उखाणा असणार. मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही.

"नाम मिल गया, माताजी," ती बाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "बस एक बात और. कनेक्शन आपके नाम क्यों करवाना है?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बँकेत, गॅसवाल्याला, दारात येणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर आजवर मीच दिलं होतं. तिला ते म्हणावं लागू नये, एवढ्यासाठीच.

आई फोनजवळ सरकली.

"वो अब नहीं हैं," ती म्हणाली. "मेरे नाम कर दो."